परदेशातून संग्रहाचे चाकू: कोल्हापुरात बसून कुणाकडून घ्यावेत

निकाल आधीच सांगतो. जपानमधले छोटे विक्रेते बिनधास्त घ्या, अमेरिकेतले जुन्या चाकूंचे विक्रेते पारखून घ्या, आणि स्वस्तात 'हाताने घडवलेलं दमास्कस' (थरांची नक्षी दिसणारं पोलाद) विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

जपानकडून मागवावा असा चाकू म्हणजे घडीचा हिगोनोकामी. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात नागाओ कानेकोमा हा एकच कारखाना आता तो या नावाने बनवतो. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, पात्याच्या बुडाशी अंगठ्याने दाबायची छोटी शेपटी, आणि लॉक नाहीच. पातं रिव्हेटच्या घर्षणावर आणि अंगठ्याच्या दाबावर उघडं राहतं. त्यामुळे पातं ढिलं आलं म्हणून लगेच परत पाठवू नका. ऐरणीवर रिव्हेट टेकवून छोट्या हातोडीने हलका टोला द्यायचा, उघडझाप करून बघायची, मग लागला तरच दुसरा. एकदम जोरात ठोकलं तर पातं जाम होतं आणि ते सोडवणं फार कटकटीचं. घेताना मऊ लोखंडात आओगामी हे कडक पोलाद बसवलेला घ्यावा. साध्या पोलादाचा स्वस्त पडतो, पण धार तितकी टिकत नाही.

अमेरिकेतून लोक 'केस' या तिथल्या कंपनीचे जुने चाकू मागवतात. इथे सगळा खेळ पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्याचा. 1970 साली शिक्क्याखाली 10 ठिपके होते, पुढे दरवर्षी एक कमी होत गेला. म्हणजे 7 ठिपके असतील तर चाकू 1973 चा. 1980 पासून ठिपके पुन्हा 10 झाले, पण नावातला 'एस' विजेच्या आकाराचा आला. म्हणून 7 ठिपके आणि विजेचा 'एस' दिसला तर साल 1983. विक्रेत्याकडे शिक्क्याचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा. अक्षरं उथळ आणि कडा गोलसर दिसल्या तर चाकू बफ मारलेला, म्हणजे घासून चकचकीत केलेला आहे, किंमत निम्मी समजा. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला पैसे पाठवू नयेत, मग त्याचे शेरे कितीही चांगले असोत.

दमास्कसचं दुखणं वेगळं आहे. पाठीचा, म्हणजे पात्याच्या वरच्या कडेचा, फोटो मागा. खऱ्या थरांच्या रेषा पाठीवरून आरपार जातात. ॲसिडने काढलेली नक्षी फक्त दोन्ही बाजूंवर असते. शिवाय यातला बराच माल पाकिस्तानातल्या वजिराबादेत बनतो आणि अमेरिकी विक्रेत्यांच्या नावाने विकला जातो. 2 मे 2025 पासून पाकिस्तानी मालाच्या आयातीवर बंदी आहे, तो तिसऱ्या देशातून आला तरीही. पार्सल अडकलं की पैसे गेलेच.

जाहिरातीतल्या '62 रॉकवेल'ची, म्हणजे पोलादाच्या कडकपणाच्या आकड्याची, खात्री शिरोली एमआयडीसीत करून मिळेल, पण मोजमापाचा खड्डा पात्यावर कायमचा राहतो. संग्रहाच्या चाकूवर तो प्रयोग नको.

कागदपत्रांत विक्रेत्याची खरी परीक्षा होते. घडीच्या चाकूला 821193 आणि स्थिर पात्याच्या चाकूला 821192 हा कस्टम्सचा कोड लिहायला सांगा. 9307 हा तलवारी-संगिनींचा कोड आहे, तो पडला की पार्सल शस्त्र म्हणून बाजूला काढलं जातं. 'गिफ्ट' लिहून देतो म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या. भेटवस्तू म्हणून जकात न भरता आयात डिसेंबर 2019 पासून बंद आहे, सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच. 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांत येऊ शकतं, आणि बटणाने उघडणारा चाकू तर मागवूच नये.

पोस्टाने आलेलं पार्सल मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयातून कोल्हापूरला येतं आणि जकात पोस्टमन दारात घेतो. खाजगी कुरियर लवकर येतं, पण आधार-पॅन मागतं आणि हाताळणीचे पैसे वेगळे लावतं. स्वस्त चाकूला ते परवडत नाही. दोन्हीकडे जकात नुसत्या किमतीवर नाही, टपालखर्च आणि विमा धरून लागते.

चाकू हातात आला की कातडी म्यानातून काढून ठेवा. आपल्या पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि कार्बन पोलादावर आठवड्याभरात गंजाचे ठिपके पडतात. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात पुरे. खाण्याच्या कामाचा असेल तर औषध दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा. शेंगतेल मात्र लावू नका, त्याचा चिकट थर रिव्हेटमध्ये बसतो.