संकटकाळात सॉफ्टवेअर कोणाकडून करून घ्यावे? महानगरपालिकेपुढील तीन मार्गांची तुलना

राष्ट्रीय संकट ओढवले की ठाणे किंवा नवी मुंबई महानगरपालिकेच्या संगणक विभागाकडे पहिल्या दोन-तीन दिवसांतच मागण्या येऊ लागतात. रिकाम्या खाटांची माहिती नागरिकांना दिसायला हवी, घरी विलगीकरणात असलेल्यांची नोंद हवी, मदतीचे अर्ज घेण्याची सोय हवी. त्या वेळी निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात: केंद्राची किंवा राज्याची तयार प्रणाली स्वीकारावी, बाहेरच्या कंपनीला काम द्यावे, किंवा विभागातल्याच चार-पाच जणांनी हाताशी असलेल्या साधनांवर ते उभे करावे. बैठकीत बहुधा पहिला प्रश्न असतो, लवकर सुरू कोण करून देईल. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, काम सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चूक लक्षात आली, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार आणि क्षमता कोणाकडे असेल. पुढची तुलना याच प्रश्नाला धरून केली आहे.

केंद्राची किंवा राज्याची तयार प्रणाली

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा को-विन कोऱ्या पाटीवरून आलेले नव्हते. लशींचा साठा आणि साठवणीचे तापमान यांवर लक्ष ठेवणारी ईविन ही प्रणाली काही वर्षे आधीपासून राबवली जात होती आणि को-विन तिच्याच पायावर वाढवले गेले. तरीही प्रणालीतील अडचणींमुळे महाराष्ट्राला सुरुवातीलाच दोन दिवस लसीकरण थांबवावे लागले. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी खुली झाली, तेव्हा संकेतस्थळ प्रथम अडखळले, पण त्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली. इतका भार पेलणारी यंत्रणा एकट्या महानगरपालिकेने उभारण्याचा विचारही करू नये. ओळख पटवणे, देशभर चालणारे प्रमाणपत्र देणे, कोट्यवधींची नोंद ठेवणे, अशा कामांसाठी हाच मार्ग योग्य आहे.

या मार्गाची उणीव मात्र माझ्या प्रश्नापाशीच येऊन थांबते. नोंदणीचे पान मराठीत मिळायला जून २०२१ उजाडले. तोपर्यंत कळव्यातील किंवा दिघ्यातील ज्या ज्येष्ठ नागरिकाला इंग्रजी वाचता येत नव्हते, त्याला दुसऱ्या कोणावर तरी अवलंबून राहावे लागले, आणि स्थानिक अधिकाऱ्याला ती अडचण दिसत असूनही त्या पानावरचा एक शब्द बदलता येत नव्हता. म्हणून तयार प्रणाली घेताना तिच्या भोवती आपल्या हातातले काय ठेवायचे, हे त्याच वेळी ठरवावे लागते. याचे चांगले उदाहरण आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये घडले. दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलने प्रवासाची मुभा मिळाली, तेव्हा राज्याने ऑनलाइन पासची सोय केलीच, पण रेल्वे स्थानकांवर मदत कक्ष उघडून महानगरपालिकांचे कर्मचारी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र स्वतः तपासत होते आणि त्या पडताळणीवर तिकीट खिडकीवर मासिक पास मिळत होता. प्रमाणपत्र केंद्राच्या प्रणालीचे, पडताळणी स्थानिक माणसाची आणि पास रेल्वेच्या नेहमीच्या खिडकीवरचा, अशी ही जोडणी होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांच्यासाठी ती खिडकीच खरी सेवा होती.

बाहेरची कंपनी

ऐरोली, महापे आणि वागळे इस्टेट येथे सॉफ्टवेअर कंपन्यांची वाण नाही, त्यामुळे हा मार्ग इथे विशेष सोपा वाटतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील कलम ५० नुसार राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाला बचाव आणि मदतकार्यासाठी तातडीच्या खरेदीची परवानगी देता येते आणि अशा वेळी निविदेची नेहमीची प्रक्रिया शिथिल होते. मात्र निविदेचे आठवडे वाचले म्हणजे काम लवकर होते, असे नाही. अमेरिकेतील आरोग्य विम्याचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी अनेक कंत्राटदारांच्या कामातून सुरू झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. तिथे पैसा कमी नव्हता आणि माणसेही कमी नव्हती. सगळे भाग एकत्र चालतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती. नंतर अनुभवी अभियंत्यांची छोटी तुकडी बोलावली गेली, रोज ठरावीक वेळी सर्व कंत्राटदारांना एकत्र घेऊन त्या दिवशीचा सर्वांत मोठा बिघाड आधी सोडवायचा अशी पद्धत घातली गेली, आणि सुमारे दोन महिन्यांत संकेतस्थळ वापरण्याजोगे झाले.

यावरून माझे मत असे झाले आहे की, संकट आल्यानंतर नवी कंपनी शोधणे हा तिन्हींतला सर्वांत कच्चा पर्याय आहे, तर आधीपासून दरकरार (कामाचे दर आधीच ठरवून केलेला करार) असलेल्या कंपनीचे दोन-तीन अभियंते मुख्यालयात आणून बसवणे हा उपयोगी पर्याय आहे. त्यासाठी करारात काही गोष्टी शांततेच्या काळातच लिहून घ्याव्या लागतात: सोर्स कोड आणि विदा (डेटा) महानगरपालिकेच्या मालकीची राहील, छोट्या बदलासाठी वेगळा कार्यादेश लागणार नाही, आणि सुरक्षा तपासणी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील संस्थेकडून होईल. यांतील दुसरे कलम सहसा राहून जाते आणि संकटात तेच सर्वाधिक नडते.

विभागातलीच छोटी तुकडी

सर्वांत कमी विश्वास या मार्गावर ठेवला जातो, आणि तो अन्याय आहे असे मला वाटते. श्रीलंकेने २०२० च्या सुरुवातीलाच, परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या पाठपुराव्यासाठी डीएचआयएस-२ या आरोग्यविषयक नोंदींच्या मुक्तस्रोत (सोर्स कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रणालीवर नोंदणीची सोय काही दिवसांत उभी केली. ते जमले, कारण त्या देशाच्या आरोग्य खात्यात ही प्रणाली आधीपासून वापरात होती आणि ती हाताळणारी माणसे तिथेच होती. तैवानने तर वेगळाच रस्ता धरला. फेब्रुवारी २०२० मध्ये औषध दुकानांतील मास्कच्या साठ्याची माहिती सरकारने खुली करून सतत अद्ययावत ठेवली आणि नकाशे व अॅप बाहेरच्या प्रोग्रामरनी केले. सरकारी तुकडीने फक्त माहितीचा प्रवाह चोख ठेवला.

आपल्याकडच्या खाटांच्या माहितीला हेच लागू पडते. पान तयार करणे एका-दोघांचे काम आहे. अवघड आहे ते प्रत्येक पाळीत रुग्णालयातून खरा आकडा येणे. शिवाय संकटात रुग्णालयांची यादीच स्थिर राहत नाही. २०२० मध्ये बाळकुमचे कोविड रुग्णालय आणि वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातील कोविड केंद्र ही पाहता पाहता नव्याने उभी राहिली. मार्चमध्ये केलेल्या कोणत्याही यादीत ती असू शकली नसती. नवे केंद्र जोडण्यासाठी कंपनीला पत्र लिहावे लागणे आणि वॉर रूममधील लिपिकाने ते स्वतः जोडणे, यांतला फरक रुग्णवाहिकेत बसलेल्या माणसाला भोगावा लागतो.

या मार्गाचा धोकाही तेवढाच खरा आहे. घाईत हाताशी आलेले साधन कायमचे होऊन बसते. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेरीस एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारातील ओळींची मर्यादा संपली आणि १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. त्यामुळे त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला. एक्सेलसारख्या तक्त्यावर सुरुवात करण्यात गैर काही नाही, पण तो किती दिवस वापरायचा आणि त्यानंतर विदा कुठे हलवायची, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरलेले हवे. रुग्णांचे फोन क्रमांक आणि पत्ते कोण पाहू शकेल, हेही त्याच कागदावर यावे. सिंगापूरमध्ये संपर्क शोधण्याच्या अॅपमधील माहिती गुन्ह्यांच्या तपासात पोलिसांना मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले आणि आधी दिलेल्या आश्वासनावरचा लोकांचा विश्वास डळमळला.

कोणते काम कोणाकडे

ज्या नोंदीला महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरही किंमत आहे, ती केंद्राच्या किंवा राज्याच्या प्रणालीत असावी. हेल्पलाइनचे कॉल सेंटर, सर्व्हर आणि एसएमएस ही कामे दरकराराच्या कंपनीकडे द्यावीत, कारण तिथे गरज क्षमतेची असते आणि रोजच्या बदलांची फारशी नसते. खाटा, प्राणवायू, प्रभागातील स्वयंसेवक, शिधावाटप यांसारखी जी माहिती रोज आपले स्वरूप बदलते, ती मात्र विभागाच्या स्वतःच्या तुकडीकडे असावी आणि त्या तुकडीला निर्णयासाठी एकाच उपायुक्तांकडे जावे लागावे. तीन खात्यांची संमती घेत बसणारी तुकडी कितीही कुशल असली, तरी कंपनीपेक्षा सावकाश चालेल.

या शिफारशीला एक अट आहे. विभागात सर्व्हरवर स्वतः बदल करू शकणारी किमान दोन माणसे नसतील, तर तिसरा मार्ग निवडू नये. एकाच माणसावर उभी असलेली सेवा तो माणूस आजारी पडताच थांबते आणि साथीच्या काळात ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नसते. अशा वेळी कंपनीचे अभियंते मुख्यालयात बसवावेत आणि त्यांच्या शेजारी विभागाचा एक कर्मचारी पूर्णवेळ नेमावा.