जांभळी नाक्यावरचे मिक्सर रिपेअरवाले काका : चार स्टार

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आतल्या गल्लीत हे दुकान आहे, पाटीवरचं नाव वाचता येत नाही पण कुणालाही विचारा, सांगतील. माझ्या मिक्सरच्या मोठ्या भांड्याखालून गळत होतं, एका सर्व्हिस सेंटरवाल्याने सरळ नवीन भांडं घ्या म्हणून कटवलं. इथे काकांनी मला ब्लेड धरून हलवायला लावलं, बघा ताई केवढं डुगडुगतंय, दांड्याभोवतीची रिंग, म्हणजे बुश गेलाय, भांडं कशाला टाकताय? बुश, वॉशर आणि खालचा कपलर (भांडं मोटरला जोडतो तो) समोरच बदलला, मग पाणी भरून भांडं पेपरवर ठेवलं आणि पेपर कोरडा राहिल्यावरच पैसे सांगितले.

तेवढ्यात हेल्मेट घातलेला एक पोरगा मिक्सर जळला म्हणून घेऊन आला. काकांनी मिक्सर उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं, चालू! लोड जास्त झाला की ते ट्रिप होतं म्हणे. एक पैसा घेतला नाही, उलट चटणी थांबून थांबून फिरव म्हणून शिकवलं.

पण मला हे दुकान लक्षात राहिलंय ते बाकड्यावर शेजारी बसलेल्या काकूंमुळे. मसाल्याचे दिवस होते, मी गोड्या मसाल्याचं बोलले तर लगेच म्हणाल्या, भाजताना दगडफूल सगळ्यात शेवटी, थेंबभर तेलावर, नुसतं फिरवून घे, करपलं की अख्खा मसाला कडू, आणि तीळ-खोबरं एकदम शेवटी दळ, तेल सुटतं त्याला. दहा-पंधरा मिनिटांची ओळख, नाव विचारायचं सुद्धा राहिलं, कुकरचं रबर घेऊन गेल्या निघून. आता आमच्याकडे मसाला त्यांच्याच पद्धतीने होतो, सासूबाईंनी सुद्धा मान्य केलंय (हे किती मोठं आहे ते घरोघरच्या सुनांना कळेल).

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोघा संशोधकांचा २०१४ चा एक अभ्यास आहे, शिकागोच्या ट्रेनमध्ये काही जणांना अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, तर बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त छान गेला, आणि लोकांचा अंदाज बरोब्बर उलटा होता. आपल्या लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकलेल्या कुठल्याही बाईने हे फुकटात सांगितलं असतं. हल्ली मात्र तिथेही सगळ्यांच्या कानात इअरफोन असतात, माझ्याही.

एक स्टार कापला कारण काका फोन उचलत नाहीत, दुपारी शटर बंद, आणि पार्किंगचं तर नावच काढू नका, स्टेशनकडून चालत या. होम पिकअप सुरू करा असं कुणीतरी रिव्ह्यूमध्ये लिहिलंय, प्लीज नको! जाताना झाकण पण न्या, त्याचं रबर मापाने कापून देतात.