नेमबायो: डोमेनचा भाव ठरवायचा असेल तर आधी हे उघडा

इंदूरला दुकानदारांच्या वेबसाइट करून देणारे आता गल्लोगल्ली झालेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेऊन ठेवायचं आणि पुढे विकायचं असं कामही जोडीला सुरू केलंय, मी पण हेच करते, त्यामुळे "ताई हे नाव केवढ्याला लावू" असं कोणी ना कोणी विचारतच असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे, नेमबायो नावाची वेबसाइट बघ. दरवेळी फोनवर समजावण्यापेक्षा म्हटलं नीट लिहूनच टाकावं.

नेमबायो म्हणजे आधी विकल्या गेलेल्या डोमेनची यादी. नाव, डॉलरमधली किंमत, तारीख आणि कुठे विकलं, एवढंच. शोधायला पैसे लागत नाहीत. तुम्ही एखादा शब्द टाका, तो नावात सुरुवातीला हवा की शेवटी ते निवडा, डॉट कॉम की डॉट इन ते निवडा, तारखा टाका, की त्या शब्दाचे झालेले सौदे समोर येतात. १०० डॉलरच्या खालचे सौदे त्यात धरतच नाहीत, त्यामुळे फालतू कचरा कमी. दिसायला काही फार चकाचक नाही पण मला हेच आवडतं, कारण इथे जे दिसतं ते कोणीतरी खरंच पैसे मोजून घेतलेलं असतं.

आता बहुतेक लोक काय करतात, नाव टाकलं की दोन सेकंदांत आकडा फेकणारी जी फुकटची टूल्स आहेत ना, गोडॅडीचं आहे, एस्टिबॉट आहे, त्यात नाव टाकतात आणि आला तो आकडा धरून बसतात. ही टूल्स वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, इंग्रजीतले साधे दोन शब्द जोडलेले असतील तर अंदाज यायला बरी पडतात. पण आपल्याकडच्या नावांचं त्यांना काय कळणार? मिठाई, विवाह, साडी असले शब्द रोमन लिपीत चार जण चार प्रकारे लिहितात, कुणी एक ए लावतं कुणी दोन, आणि यातलं लोक खरोखर कसं टाइप करतात ते इथे धंदा करणाऱ्यालाच माहीत. शिवाय एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव असलेलं डोमेन टाकलं तरी मशीन खुशाल मोठा आकडा दाखवू शकतं, आणि तसलं नाव तर विकायला काढणंच धोक्याचं. डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची तंटा सोडवायची पद्धत आहे, डॉट इनसाठी आपली वेगळी आयएनडीआरपी आहे, आणि यूडीआरपीच्या नियमात सरळ लिहिलंय की ब्रँडवाल्याला चढ्या भावात विकायलाच नाव घेतलं असेल तर तो वाईट हेतूचा पुरावा धरता येतो. म्हणजे तुम्ही पाठवलेलं कोटेशनच तुमच्या विरोधात जाणार आणि नाव हातचं जाईल ते वेगळंच.

परत नेमबायोवर येते. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा कॉलम किंमतीचा नाही, शेवटचा, कुठे विकलं तो. नवीन माणूस तो बघतच नाही आणि तिथेच सगळी गडबड होते. समजा एक नाव ड्रॉपकॅच किंवा नेमजेट या मुदत संपलेल्या नावांच्या साइटवर लिलावात गेलेलं दिसतंय, तर तिथे घेणारे बहुतेक आपल्यासारखेच, पुढे विकायला घेणारे. आणि तसलंच नाव सेडो या डोमेन विकायच्या साइटवर गेलेलं असेल तर बऱ्याचदा ते घेणारा स्वतःच्या धंद्यासाठी घेत असतो. आपल्या क्लॉथ मार्केटमध्ये जसा थोक भाव वेगळा आणि तीच साडी दुकानात गेली की किरकोळ भाव वेगळा, तसंच हे आहे, दोन्ही भाव खरे, फक्त तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात ते आधी ठरवा. नाव लिलावात घ्यायचंय? थोकवाले सौदे बघा. दुकानदाराला विकायचंय? मग किरकोळवाले बघा. दोन्ही मिसळून सरासरी काढलीत तर तो आकडा कशाच्याच कामाचा नाही.

माझ्या मामेभावाचं उदाहरण सांगते. त्याच्याकडे इंदूर आणि पुढे टाइल्स असं डॉट कॉम आहे. मला म्हणाला, "ताई, टूल चार हजार डॉलर दाखवतंय, तेवढेच लावतो." म्हटलं अरे थांब जरा. दोघं बसलो, नेमबायोत टाइल्स शब्द टाकला, शेवटी असलेला, फक्त डॉट कॉम, अलीकडची वर्षं. मग अमेरिकेतल्या शहरांची नावं बाजूला काढली, कारण तिथल्या टाइल्सवाल्याचं जाहिरातीचं बजेट वेगळं, आपल्या इंदूरच्या व्यापाऱ्याचं वेगळं. लिलावात गेलेली पण बाजूला. उरली थोडीच, पण त्यांच्यावरून अंदाज आला. मग दुसरा प्रश्न, हे नाव घेणार कोण? इथलेच टाइल्सचे डीलर, दुसरं कोण घेणार. ते अख्खी वेबसाइट पंधरा वीस हजारांत करून घेतात, नावाला तीन साडेतीन लाख कोण देतंय? शेवटी ४५,००० लावले, खाली ३०,००० पर्यंत यायची तयारी ठेवून. आणि किंमत लिहूनच टाकली, "ऑफर द्या" असं नाही ठेवलं. आपल्याकडचा दुकानदार भाव लिहिलेला नसेल तर विचारायच्या भानगडीत पडत नाही, आणि लिहिलेला असला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर घासाघीस सुरू, जे आपल्याला हवंच आहे.

कोणी म्हणेल तेराशेचं नाव पंचेचाळीस हजारांना म्हणजे लूटच. नाही हो. हिशोब बघा ना. डॉट कॉमचा मूळ दरच सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर आहे, त्यावर रजिस्ट्रारचं, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचं, मार्जिन आणि जीएसटी, म्हणजे आपल्याला एक नाव वर्षाला हजार ते तेराशेला पडतं. १०० नावं असली की वर्षाला लाखाच्या वर नुसतं रिन्यूअल. आणि या धंद्यातले लोक धरून चालतात की शंभरात वर्षाला एखाद दोनच विकली जातात, चांगली नावं असली तरी. म्हणजे जे एक विकलं त्यातूनच बाकीच्यांचाही खर्च जमेल तेवढा काढायचा, वर डोमेन विकायच्या साइटवरून विकलं तर तिचं कमिशन. स्वस्तात देऊन टाकणाऱ्याला तेव्हा बरं वाटतं पण तो फार वर्षं टिकत नाही.

नेमबायोच्या मर्यादा पण सांगते, कारण त्या माहीत नसतील तर उलट नुकसान होतं. एक तर खासगीत झालेले, गुप्ततेचा करार असलेले सौदे त्यात येत नाहीत. डॉट इनची आणि आपल्या शब्दांची संख्या कमी, खूप खोदावं लागतं. आणि खरी मोठी गोष्ट ही की तिथे फक्त विकलेलं दिसतं. तसलीच जी हजारो नावं वर्षानुवर्षं पडून आहेत ती कुठे दिसतात? म्हणून मी जोडीला डॉटडीबी नावाची साइट बघते, तोच शब्द किती एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन वगैरेत, लोकांनी घेऊन ठेवलाय ते तिथे कळतं. एकाच एक्स्टेंशनमध्ये, तेही तुमच्याच नावावर असेल, तर समजा मागणी फारशी नाही.

अजून एक, वॉइस डॉट कॉम २०१९ ला ३ कोटी डॉलरला गेलं, चॅट डॉट कॉम २०२३ ला १ कोटी ५५ लाखांना, या बातम्या वाचून आपल्या तीन शब्दांच्या नावाला भाव लावू नका प्लीज. ती एका शब्दाची नावं, घेणाऱ्यांकडे अफाट पैसा, त्याचा आपल्या नावाशी काही संबंध नाही.

पैसे भरून मेंबरशिप पण आहे नेमबायोची. दहा वीस नावं असतील तर अजिबात घेऊ नका, फुकटात भरपूर काम होतं. दर आठवड्याला लिलावात बोली लावत असाल तर मात्र घ्या, एक चुकीची बोली वाचली तरी पैसे वसूल.