उंदराच्या यकृतात फायब्रोसिस: रसायन टोचायचं की पित्तनलिका बांधायची?

फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साठण्यावर, पीएचडी सुरू केली की मॉडेल, म्हणजे उंदरात तो आजार घडवण्याची पद्धत, निवडावं लागतं. बहुतेकांपुढे दोनच नावं असतात: कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजे लॅबच्या भाषेत सीसीएल-फोर, आणि पित्तनलिका बांधणं, म्हणजे बीडीएल. शेवटी दोन्हींत सिरियस रेड या रंगाने लाल रंगलेलं कोलॅजन, म्हणजे व्रणातलं तंतुमय प्रथिनच दिसतं, मग कुठलंही चालेल असं वाटतं. तसं नाही.

सीसीएल-फोर विषारी ठरतं ते यकृतपेशींमधल्या सीवायपी-२ई१ या एन्झाइममुळे. ते त्याचं फ्री रॅडिकल, म्हणजे अतिक्रियाशील रूप, बनवतं आणि पेशी मरते. हे एन्झाइम मध्यवर्ती शिरेभोवती जास्त, म्हणून इजा आणि कोलॅजनची सुरुवातही तिथूनच. तेलात मिसळून आठवड्यातून दोनदा पोटात टोचलं की साधारण चार ते आठ आठवड्यांत फायब्रोसिस तयार. (बाटली फ्यूम हूडबाहेर उघडू नका.) बीडीएलमध्ये पित्त तुंबतं, पित्तनलिकांच्या पेशी वाढतात आणि कोलॅजन पोर्टल भागात, म्हणजे पित्तनलिका आणि रक्तवाहिन्या एकत्र असतात तिथे, साठतं. दोन-तीन आठवडे पुरतात, पण शस्त्रक्रियेवर हात बसेपर्यंत उंदीर दगावतात.

खरी गंमत पेशींची आहे. सीसीएल-फोरमध्ये कोलॅजन बनवतात त्या मुख्यतः स्टेलेट पेशी, एरवी व्हिटॅमिन ए साठवून गप्प बसणाऱ्या. बीडीएलमध्ये उत्तर एवढं सरळ नाही. २०१३च्या एका अभ्यासात तिथेही स्टेलेट पेशीच पुढे निघाल्या, तर २०१४च्या दुसऱ्या अभ्यासात सुरुवातीचा मोठा वाटा पोर्टल फायब्रोब्लास्टचा, म्हणजे पोर्टल भागातल्या तंतू बनवणाऱ्या पेशींचा, दिसला. या वादात शिरायचं नसेल तर बीडीएल घेऊ नका.

व्रण विरतो कसा, हा प्रश्न असेल तर मला निवड सोपी वाटते. सीसीएल-फोरची इंजेक्शनं थांबवली की काही आठवड्यांत कोलॅजन कमी होतं. २०१२मध्ये दिसलं की या काळात चेतलेल्या स्टेलेट पेशींपैकी निम्म्याच्या आसपास मरतात. उरलेल्या पुन्हा शांत होतात, पण पूर्वीसारख्या नव्हे: पुढच्या इजेला त्या लवकर चेततात. बीडीएलमध्ये हेच बघायला पित्ताची वाट शस्त्रक्रियेने पुन्हा मोकळी करावी लागते, आणि उंदरात ते फार कठीण.

निव्वळ पुनर्निर्मितीसाठी मात्र दोन्ही बाजूला ठेवा. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१मध्ये मांडलेली दोन-तृतीयांश यकृत काढण्याची पद्धत घ्या. कापलेले खंड परत उगवत नाहीत, उरलेले वाढतात, तेही व्रणाशिवाय.

पित्तमार्गाच्या आजारावर काम नसेल तर मी सीसीएल-फोरच सुचवेन. बाल्ब-सी उंदरांत कोलॅजन जास्त साठतं, पण जनुक बदललेले बहुतेक उंदीर सी-५७ ब्लॅक-६ वंशाचे असतात. पुढे ते लागणार असतील तर पहिल्यापासून तोच वंश घ्या.