सहा महिने, सहा जुनी नाटकं: सीझन पास वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात एका नाट्यसंस्थेचा सीझन पास घेतला. दर महिन्याला एक गाजलेलं जुनं नाटक, नव्या संचात. तीन संगीत, दोन गद्य आणि एक ‘घाशीराम कोतवाल’, ज्याला नेमकं काय म्हणायचं यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. माणशी २,४०० रुपये. मी आणि बाबा, असे दोन पास. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे थोडं तोंड सोडणार आहे, आणि त्यातली निम्मी मंडळी दिवसा नोकऱ्या करून रात्री तालमी करणारी आहेत. मार्चमध्ये शेवटचा प्रयोग झाला. घ्यावा की नाही असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सुरुवात ‘संगीत सौभद्र’ने. किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ मध्ये पुण्यात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. शंभराच्या वर पदं असलेलं नाटक आज तीन तासांत बसवायचं तर कात्री लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार कात्री कुठे लावली याची आहे. किर्लोस्करांची पदं मुळात बोलण्यासारखी. साकी, दिंडी ही जुनी वृत्तं, कीर्तनातल्या चाली, बायकांच्या गाण्यांतल्या चाली. गोष्ट पुढे सरकवायची, की पात्र परत गद्यात. ऐसपैस गायकी मराठी रंगभूमीवर खऱ्या अर्थाने रुळली ती नंतर, ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’च्या (१९१६) काळात. या संचातल्या नारदाला हे बरोबर कळलं होतं. साकी एका दमात म्हणायचा, आणि शेवटचा शब्द विरायच्या आत पुढचं वाक्य टाकून मोकळा. कृष्णाला मात्र मैफल करायची होती. ‘नच सुंदरी करू कोपा’ अकरा मिनिटं चाललं, मी घड्याळ लावलं होतं. रुसलेल्या रुक्मिणीने बिचारीने पहिली तीन मिनिटं छान रुसून दाखवलं, मग पदर सारखा केला, मग बांगड्या मागेपुढे केल्या, आणि सातव्या मिनिटाला ती चक्क तबलजीकडे बघून मान डोलवायला लागली. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, ‘‘तिचा राग केव्हाच गेला गं, आता मला यायला लागलाय.’’ आणि एवढी जागा करायला पुढची निम्मी पदं उडवलेली! सुभद्रेच्या वाट्याला जेमतेम चार उरली. भाऊराव कोल्हटकरांनी जी भूमिका गाजवली तिच्या वाट्याला चार.

दुसरी गंमत माइकची. हल्ली सगळ्यांना कॉलर माइक लावतात. अर्जुन यतिवेषात शिरला, दाढी लावली, आणि दाढी माइकवर घासायला लागली. तो तोंड उघडायच्या आत सभागृहात खरखर ऐकू यायची, की समजावं यतिमहाराज बोलणार. मध्यंतरानंतर कुणीतरी माइक वर सरकवला असावा, कारण नंतर खरखर थांबली आणि श्वास ऐकू यायला लागला.

नोव्हेंबरातलं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ अनपेक्षित चांगलं. तेंडुलकरांच्या या १९६७च्या नाटकात सुरुवातीलाच बेणारेचं, म्हणजे जिच्यावर पुढे खटला मांडतात त्या बाईचं, बोट दाराच्या कडीत चिमटतं. ते इतकं सहज केलं होतं की पुढच्या रांगेतली एक बाई ‘‘अगं बाई’’ म्हणाली. पहिल्या अंकात लोक खळखळून हसत होते. गंमत म्हणून मांडलेला खटला, त्यात भ्रूणहत्येचा आरोप, त्यावर कोट्या. दुसऱ्या अंकात हसणं आपोआप पातळ होत गेलं, तेही वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वेगवेगळ्या वेळी. हे नाटक लिहिलं तेव्हा गर्भपाताचा १९७१चा कायदा यायचा होता. कायदा येऊन पन्नास वर्षं उलटली, तरी एकट्या बाईचा पंचनामा करणारी मंडळी तीच आहेत, फक्त हॉलऐवजी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भेटतात. शेवटी सामंत हिरवा कापडी पोपट हळूच बेणारेजवळ ठेवून जातो. इथे दिग्दर्शकाने प्रकाश पोपटावर जरा जास्तच रेंगाळवला. नसता तर बरं झालं असतं. प्रेक्षकाला दिसतो हो पोपट.

‘शारदा’ हे या पासचं खरं मोल. बाकीची पाच नाटकं फुकट गेली असती तरी मी म्हटलं असतं, वसूल. देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आणलेली ही गोष्ट तशी सगळ्यांना माहीत: कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेला म्हातारा भुजंगनाथ, पैशाला हपापलेला तिचा बाप कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. भद्रेश्वराचं काम करणारा नट हशे वसूल करण्यात तरबेज होता, आणि आपण अशा माणसाला हसतोय हे मागाहून लक्षात येऊन ओशाळायला होत होतं. शारदेचं काम करणारी मुलगी विशीतली असेल. ‘मूर्तिमंत भीती उभी’ तिने जवळजवळ सरळ म्हटलं. हरकती नाहीत, मुरक्या नाहीत. शेवटच्या ओळीला ऑर्गनवाल्या काकांनी पायट्यावरचा पाय काढून घेतला. सूर हळूहळू बसला आणि उरला फक्त तिचा आवाज, थोडा हललेला. टाळी यायला चारपाच सेकंद लागले. वन्स मोअर कुणी मागितला नाही. संगीत नाटकाला वन्स मोअर न मिळणं ही एरवी फजिती, पण त्या दिवशी ती शाबासकी होती.

जाता जाता: मध्यंतरात मागचे एक गृहस्थ नातवाला सांगत होते की बालविवाहाच्या कायद्याला ‘शारदा कायदा’ हे नाव या नाटकावरून पडलं. नाही हो. तो १९२९चा कायदा, त्यासाठी झटलेले हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. इतका चपखल योगायोग आहे की खोडून काढायला जिवावर येतं. मीही बटाटेवडा खात गप्प बसले.

‘घाशीराम’बद्दल थोडक्यात. या नाटकाचा प्राण म्हणजे माणसांचा पडदा. रांग डोलते, वळते, लपवते, उघडी पाडते. त्याला माणसं लागतात आणि महिनोन्‌महिन्यांची तालीम लागते. इथे रांगेत नऊ जण होते, त्यातल्या दोघांचे पाय चुकत होते. पडद्याला भोकं पडली की मागचं सगळं दिसतं. १९७२ साली जे उभं राहिलं त्याच्या आठवणीवर हा प्रयोग चालला होता. यापेक्षा जास्त बोलण्यासारखं नाही.

फेब्रुवारीत ‘वाडा चिरेबंदी’. त्या दिवशी दुपारी चार वाजता मेसेज: एका कलाकाराचा घसा बसलाय, प्रयोग पुढच्या बुधवारी. बुधवारी! ऑफिसातून निघून बाबांना घेऊन सात वाजता पोचायचं म्हणजे काय हे मेसेज पाठवणाऱ्याने एकदा करून बघावं. पैसे परत मिळत नाहीत, ते पासच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय. आजारपणाला इलाज नाही, पण दोन तारखांतून निवड तरी द्या. असो. एलकुंचवारांचं नाटक इतकं भक्कम आहे की सहसा पडत नाही. अंगणातला गंजका ट्रॅक्टर, अंधारात त्याला ठेचकाळणारी माणसं, आणि रात्री एकटी सगळे दागिने अंगावर चढवून बसलेली वहिनी. तो प्रसंग बघताना सभागृहात चुळबुळसुद्धा नव्हती. खटकली ती भाषा. देशपांड्यांचं हे घर विदर्भातलं, आणि धाकटी पात्रं बोलत होती ती थेट सदाशिव पेठेतून. अधूनमधून आठवण झाली की ‘‘करून राहिले’’ टाकायचे. माझी मावशी अमरावतीची आहे. तिने हे ऐकलं असतं तर ती उठून गेली नसती, पण घरी गेल्यावर महिनाभर नक्कल केली असती.

शेवट ‘कट्यार काळजात घुसली’. मी जरा धास्तावूनच गेले होते, कारण बाबांनी वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब बघितलेत, आणि ज्यांनी ते बघितलेत त्यांच्या शेजारी बसून दुसरं कुणी बघणं म्हणजे शिक्षा. दारव्हेकरांचं हे नाटक १९६७चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात ‘घेई छंद मकरंद’ एकच पद दोन वेगळ्या चालींत येतं, एका घराण्याच्या पंडितजींची शांत, दुसऱ्या घराण्याच्या खाँसाहेबांची झपाट्याची. दोन घराण्यांतलं भांडण काय आहे ते संवादांपेक्षा इथे जास्त कळतं, आणि या संचाने ते जपलं. दोन्ही चालींना वेळ मोजून दिला, कुणालाच मैफल करू दिली नाही. ऑक्टोबरातल्या कृष्णाचा दिग्दर्शक हाच का, अशी शंका आली. पत्रिका बघितली, तोच. म्हणजे सहा महिन्यांत कुणीतरी त्याला सांगितलं असणार, किंवा रुक्मिणीने. खाँसाहेबांचं काम करणाऱ्याने वसंतरावांची नक्कल करायचं टाळलं. गळा तेवढा फिरत नव्हता, ते त्यालाही माहीत होतं, म्हणून त्याने खाँसाहेबांचा हेका आणि त्याखालची भीती पकडली. बाबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. कुलूप काढताना म्हणाले, ‘‘बरा होता.’’ आमच्याकडे याच्या वरची श्रेणी नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर: ॲपवर पासधारकांना आसन निवडता येतं असं जाहिरातीत होतं, प्रत्यक्षात सहापैकी दोनदाच आलं, बाकी वेळा खिडकीवर जाऊन रांग. ज्येष्ठांसाठी पुढच्या ओळी राखीव म्हणतात, पण तिथे पाहुणेच असतात. नाट्यगृहाची स्वच्छतागृहं, डास आणि पहिल्या अंकात बर्फ, दुसऱ्यात भट्टी असलेला एसी, हा संस्थेचा दोष नाही, तरी पास घेणाऱ्याने शाल आणि ओडोमॉस दोन्ही ठेवावं. पत्रिका मात्र सुंदर छापतात, प्रत्येक नाटकाच्या पहिल्या संचाची नावं देतात. बाबांनी सहाही जपून ठेवल्यात.

नुसती गद्य नाटकं बघायची असतील तर सुटी तिकिटं काढा, पास महाग पडेल. संगीत नाटकांसाठी घ्या, पण आसन निवडताना रंगमंचाच्या ज्या बाजूला ऑर्गन असतो तिकडचं घ्या. नटी पदाला उभी राहते त्याच्या आधी ते काका तिच्याकडे बघून किंचित मान हलवतात, ते दिसायला हवं. पुढच्या सीझनचा अर्ज परवा आला. ‘सूचना’ या रकान्यात बाबांनी माझ्या आधीच लिहून ठेवलंय: कृष्णाला पाच मिनिटं पुरेत.