जोडीदार गावाला, घर आपलं: सलग मालिका की जाडजूड कादंबरी?

दोन दिवस घरात एकटंच असताना मालिका संपवावी की राहून गेलेली कादंबरी हातात घ्यावी, हा प्रश्न अनेकांना पडतो.

वेळेचा हिशोब आधी. पाऊण तासाचे आठ भाग म्हणजे सहा तास. तीनशे पानांची कादंबरी, ताशी पस्तीस-चाळीस पानं धरली तरी, आठ-नऊ तास खाते. म्हणजे एका संध्याकाळीत मालिका उरकते, पुस्तक नाही.

सुरुवात करायला मालिका सोपी, थांबायला अवघड. भाग मुद्दाम उत्कंठेच्या टोकावर तोडलेला असतो आणि पुढचा आपोआप सुरू होतो. ‘झोप आता’ म्हणणारं कोणी नसलं की हमखास दोन वाजतात आणि दुसरा दिवस जांभया देण्यात जातो. उपाय दोन: सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करा, आणि भागाच्या शेवटी नव्हे, मध्यावर थांबा. तिथे ताण कमी असतो.

पुस्तकाचं उलटं. पहिली तीस पानं जड जातात, कारण पात्रं डोक्यात बसलेली नसतात आणि हात सारखा फोनकडे जातो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, जोडीदाराच्या फोनची वेळ आधीच ठरवून घ्या. उजेड खांद्यामागून पानावर पडू द्या. पलंगावर आडवं होऊन वाचायला घेतलंत तर दहाव्या पानाला घोरायला लागाल.

आवाजाचं म्हणाल तर रिकामं घर खायला उठत असेल, त्याला मालिका बरी. एरवी घरात बोलून-बोलून कान किटलेल्याने पुस्तकच घ्यावं. एकच संध्याकाळ मिळणार असेल तर मात्र कादंबरीच्या वाटेला जाऊ नका, कथासंग्रह काढा.