वन्यजीव अभ्यासक्रमाच्या नावाखाली पुण्यात झालेली फसवणूक

प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर वन्यजीव संवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी मी पुण्यातील एका खासगी संस्थेत प्रवेश घेतला आणि तेथे माझी पद्धतशीर फसवणूक झाली. या क्षेत्राकडे ओढीने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी सावध राहावे म्हणून हे लिहीत आहे.

माहितीपत्रकावर ‘शासनमान्य, एम.एस्सी. समकक्ष’ असा ठळक उल्लेख होता आणि खाली नोंदणी क्रमांक छापलेला होता. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की तो क्रमांक धर्मादाय आयुक्तांकडील न्यासनोंदणीचा आहे आणि अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच असतो. वन विभागातील नोकरीचे आश्वासनही तितकेच पोकळ होते, कारण भारतीय वन सेवेची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या आणि राज्यातील वनसेवेची महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते, आणि दोन्हींसाठी ठरावीक विषयांतील मान्यताप्राप्त पदवी लागते. शुल्काची पावती मात्र ‘देणगी’ म्हणून दिली गेली. पैसे परत मागताच त्याच शब्दावर बोट ठेवण्यात आले.

सर्वांत जास्त संताप येतो तो क्षेत्रकार्याच्या नावाखाली जे चालले त्याचा. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यात आम्हाला ‘संशोधनासाठी’ नेले, पण आत सोडले ते साध्या पर्यटक तिकिटावर. गाडीरस्त्याने चालत जायचे आणि दिसलेले चिंकारे वहीत टिपायचे, यालाच तेथे ट्रान्सेक्ट (आखलेल्या रेषेवरून चालत प्राणी मोजण्याची पद्धत) म्हणत. वास्तविक ट्रान्सेक्टची रेषा रस्त्यांचा विचार न करता आखावी लागते, कारण वाहनांच्या वर्दळीमुळे प्राणी रस्त्यापासून दूर राहू शकतात. शिवाय दिसलेल्या कळपाचे अंतर रेंजफाइंडरने आणि त्याची दिशा होकायंत्राने मोजून रेषेपासूनचे लंबांतर काढल्याखेरीज घनतेचा, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती प्राणी आहेत याचा, अंदाज बांधता येत नाही. आमच्या वहीत फक्त आकडे होते, अंतराचा रकानाच नव्हता. त्याहून गंभीर बाब अशी, की अभयारण्यात अभ्यास करण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती कोणी मागितलेलीच नव्हती. अशी माहिती प्रबंधात वापरणे म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःला अडचणीत घालणे होय.

गुणपत्रिकेवर नेमक्या कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे आणि त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालय व अभ्यासक्रम दोन्ही शोधावेत. क्षेत्रकार्याच्या परवानगीपत्राची प्रतही मागावी. ज्यांच्याकडे ती असते ते दाखवायला कचरत नाहीत. चांगले शिक्षण दुर्मीळ असले तरी ते मिळते: डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे, आणि आपल्या पुण्यातही आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

मी पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला आहे. ज्यांच्याकडे अशा ‘देणगी’च्या पावत्या असतील त्यांनी त्या, बँक व्यवहाराच्या नोंदी आणि मूळ माहितीपत्रक जपून ठेवावे, कारण अर्जासोबत माझ्याकडे सर्वप्रथम हीच कागदपत्रे मागण्यात आली.